हार गळ्यात असताना

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. रविवारी ज्या ओळीत ‘डिसेबल्ड’ होतं, तिथे आता ‘इनेबल्ड’ आलं. कल्याणराम खुर्चीत मागे टेकले. काम चार मिनिटांचं होतं. मशीन सुरू होताना एक बटण दाबायचं, आतल्या यादीत शिरायचं, बंद असलेली सोय चालू करायची आणि बाहेर यायचं.

रविवारी त्यांची साठीशांत झाली, ती याच घरात. ओरत्तनाडुच्या त्यांच्या घरात दहा माणसं बसली की अकरावं दारात उभं राहतं, म्हणून धाकट्या भावाने, गोपालकृष्णने, तंजावरला आपल्याकडे सगळा घाट घातला. होम झाला, कलशाच्या पाण्याने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, शेषम्मांना, न्हाऊ घातलं, पंगत उठली. हार अजून गळ्यातच होता.

“अण्णा, आमच्या नंदिताच्या मशीनवर एकदा नजर टाका,” गोपालकृष्ण म्हणाला.

नंदिता त्याची मुलगी. तिला बारावीनंतर सायबर सुरक्षेचा कोर्स करायचा होता. दुसरं काहीच करायचं नव्हतं. संस्था चेन्नईची, शिकायचं घरूनच. अट एकच होती. घरच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक खोटा कॉम्प्युटर चालवता आला पाहिजे. मुलं त्या खोट्यात व्हायरस सोडून शिकणार, खऱ्याला धक्का नाही. आपल्या प्रोसेसरला ते जमतं का, एवढंच पाहायचं होतं. जमत नसेल तर कोर्स नाही, कारण नवं मशीन घेण्याची ऐपत नव्हती.

आणि या घराण्यात कॉम्प्युटर म्हटलं की कल्याणराम. त्यांच्या सरकारी कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं खोकं त्यांनी उघडलं होतं. त्या पुण्याईवर त्यांनी तीस वर्षं काढली. त्या दिवशीही बहीण राजम, जावई, व्याही, सगळे त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर ओळ होती, ‘व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड’. ही ओळ त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण तासाभरापूर्वी जी माणसं पाया पडली, त्यांच्यासमोर तोंडातून ते निघेना.

“ह्यात ते नाहीच,” कल्याणराम म्हणाले. “प्रोसेसर जुना आहे. नाद सोड, कण्णा, बाळ.”

नंदिता “सरी, बरं काका” म्हणाली आणि केळीची पानं उचलायला गेली. थोरल्याने सांगितलेलं पुन्हा तपासून पाहायची त्यांच्यात रीत नाही. तपासणं म्हणजे अपमान. कल्याणरामांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्यांना सलत होतं.

पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेषम्मांनी मुद्दाम त्यांच्या आवडीची डांगर पचडी केली, तीही पानात तशीच राहिली. त्यांनी आपल्या घरच्या मशीनवर तीच ओळ शोधली. मग चष्मा पुसून मिळेल ते सगळं वाचून काढलं. डिसेबल्ड म्हणजे प्रोसेसरात खोटा कॉम्प्युटर चालवायची सोय नाही, असं नव्हतंच. सोय आहे, फक्त बंद आहे. एका पोरीचं आयुष्य आपण न वाचता निकालात काढलं, या विचाराने त्यांना कसंसंच झालं.

आज बुधवार. चेन्नईचा फॉर्म संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता. गोपालकृष्ण तीन वाजता नंदिताचं नाव बी.कॉम.ला घालायला निघणार होता. म्हणून कल्याणराम केळ्यांचा घड घेऊन, सहज आल्यासारखे, दुपारीच येऊन बसले होते.

आता परत बंद करून उठलो तर कुणाला कळणार आहे? असा विचार त्यांच्या मनात आलाच. आला म्हणून त्यांना स्वतःची जास्तच लाज वाटली. तेवढ्यात गोपालकृष्ण सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. त्याच्या मागे नंदिता होती, हातात बी.कॉम.चे कागद.

“गोपाळ, थांब,” कल्याणराम म्हणाले. “ह्या मशीनला सगळं जमतं. रविवारी मज काही कळलंच नव्हतं. कळलं नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून नाही म्हणालो.”

अण्णांचं चुकलं, हे ऐकायची गोपालकृष्णच्या कानांना सवय नव्हती.

“परवाइल्लै, अण्णा, असू द्या,” तो म्हणाला. “अजून वेळ आहे.” आणि तिची दहावीची गुणपत्रिका शोधायला आत गेला.

कल्याणरामांच्या छातीवरचा दगड उतरला. इतकं उघड कबूल करायला धाडस लागतं, असंही त्यांना वाटून गेलं, आणि मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. ते खुर्चीवरून उठले. नंदिताने बसून चेन्नईचा फॉर्म उघडला आणि नाव भरायला घेतलं.

“ते चालू कसं करायचं, तुज दाखवून ठेवतो,” ते म्हणाले. “पुढे लागेल.”

“ठाऊक आहे, काका.” तिने पडद्यावरून नजर काढली नाही. “रविवारी सगळे गेल्यावर मी चालू करून पाहिलं होतं. चाललं.”

“मग आज बंद कसं होतं?”

“मीच परत बंद केलं,” नंदिता म्हणाली. “तुम्ही कधी पुन्हा पाहिलंत, तर तुमचा शब्द खोटा पडायला नको.”