सात ते साडेआठ

सातचा भोंगा झाला तसे सगळ्यांनी आपापले मोबाईल मारुतीच्या देवळापुढं ठेवलेल्या वेताच्या मोठ्या बुट्टीत टाकले. अंबूबाईनं आपला कमरेला खोचला आणि वरून पदर ओढून घेतला.

सात ते साडेआठ गावात मोबाईल बंद, टीव्ही बंद. सांगलीकडच्या एका गावाचं बघून सरपंच लालासाहेबांनी हा नियम आणला, तेव्हा ग्रामसभेत पहिला हात अंबूबाईनंच वर केला होता. पोरं अभ्यासाला बसायला लागली, बायका ओट्यावर येऊन बोलायला लागल्या. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं होतं. पण मग गावाची बातमी झाली. बातमीमागून पाहुणे आले, आणि हळूहळू पोरांचा अभ्यास राहिला बाजूला, पाहुण्यांना दाखवायलाच मोबाईल बंद व्हायला लागले. आज साताऱ्याहून चॅनेलवाले आले होते. घराघरात बंद करून ठेवलेले मोबाईल कॅमेऱ्यात काय दिसणार, म्हणून हा बुट्टीचा थाट.

तिच्या शिवतेजची तुकडी उद्या पहाटे वरच्या चौकीवर चढणार होती. एकदा वर गेलं की बर्फ वितळेपर्यंत फोन नाही. खाली तळावर एकच फोन, त्याला ही रांग. "सांजच्याला कवा नंबर लागंल सांगता येत न्हाई, आय," तो दुपारी घाईघाईत बोलला होता. "तू फोन सोडून कुठं जाऊ नगंस."

ती तशीच लालासाहेबांच्या दारात गेली होती. "भावजी, आजच्या दिस माझा तेवढा चालू ऱ्हाऊ द्या."

"वयनी, आज तर मुळीच न्हाई. आज टीव्ही येणार हाय. एकाला सोडलं की सगळं गाव सुटतंय."

हा माणूस सुभेदार म्हणून रिटायर झालेला. त्या रांगेत त्यानं स्वतः पाय गोठवून घेतलेले. तो विसरला असता तर एक वेळ तिनं सोडून दिलं असतं. पण तो काही विसरला नव्हता.

आता लालासाहेब माईकपुढं उभे होते. एका हातात त्यांचा मोबाईल चालूच. गावाच्या पेजवर टाकायचं शूटिंग त्याच्यावर होत असे, म्हणून तो नियमाबाहेर.

"लोक म्हणत्यात, मोबाईलनं माणूस बिघडला," ते म्हणाले. "आमी दाखवून दिलं, ठरवलं तर माणूस सुधारतो. या घडीला आमच्या गावात एक मोबाईल वाजत न्हाई."

आणि अंबूबाईच्या कमरेला घंटी वाजायला लागली.

माणसं हसली. तिनं ओढून मोबाईल बाहेर काढला, पण बोट हिरव्या खुणेपर्यंत पोचायच्या आत लालासाहेबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"भावजी, शिवतेजचा हाय."

"कळलं. साडेआठला लावा."

"तिकडं उलटा लागत न्हाई. तुमाला ठावं हाय."

लालासाहेबांनी एकवार तिच्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि वाजता मोबाईल बुट्टीत टाकला.

अंबूबाई वाकली. तोच चॅनेलवाली पोरगी पुढं आली. "थांबा थांबा, कुणी हात लावू नका. मुलगा सैन्यात आहे ना यांचा? मग वाजू दे. जवळून घे रे."

कॅमेरेवाला बुट्टीवर ओणवा झाला. शेजारच्या मायानं अंबूबाईचा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाली, "काकी, जरा दम धरा. गाव दिसतंय टीव्हीवर." अंबूबाईनं हिसडा दिला, तर दुसऱ्या बाजूनं आणखी एकीनं धरलं. शिवतेज भरती झाला तेव्हा याच देवळापुढं याच माणसांनी गुलाल उधळला होता. आता सगळी हाताची घडी घालून घंटी ऐकत होती. घंटी थांबली, आणि टाळ्या पडल्या.

माईक अंबूबाईच्या तोंडापुढं आला. "आजी, नियमासाठी तुम्ही पोटच्या पोराचा फोन उचलला नाही. काय सांगाल?"

"मी उचलला न्हाई असं न्हवं," अंबूबाई म्हणाली. "मला उचलू दिला न्हाई."

"एवढं काढून टाका, मॅडम," लालासाहेब म्हणाले. "मीबी काढतो."

"टाकतेच."

तिनं बुट्टीतून आपला मोबाईल उचलला आणि घरची वाट धरली. वाटेत तिनं तो नंबर लावला. ओट्यावर बसून पुन्हा लावला, पुन्हा लावला. दर वेळी एक बाई तेच हिंदीतलं वाक्य बोलत होती.

साडेआठचा भोंगा झाला. पोरं बुट्टीवर तुटून पडली, ज्याचा त्याचा मोबाईल घरी गेला. आणि जरा वेळानं अंबूबाईच्या मोबाईलची घंटी वाजली.

तिनं झडप घालून तो कानाला लावला. "हॅलो, बाळा."

कानाशी काहीच नव्हतं. घंटी मायाच्या घरातून येत होती. मग समोरच्या घरातून यायला लागली, मग वरच्या आळीतून. लालासाहेबांनी टाकलेलं शूटिंग गाव बघत होतं. तिचं बोलणं त्यात नव्हतंच. घंटी, घंटीमागं टाळ्या, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून घंटी.

अंबूबाई उठली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. घराघरातून शिवतेजचा फोन वाजत होता.

"मुडद्यांनो," ती ओरडली, "आता तरी उचला की रं कुणीतरी."