पायांनी दिलेलं मत

“हो म्हणणाऱ्यांनी उजव्या दारानं बाहेर पडा, नाही म्हणणाऱ्यांनी डाव्या!” सभापतीनं घंटा वाजवली आणि सभागृहात खुर्च्यांची एकच खरखर उठली. ठराव होता, ‘देव आहे.’

उजव्या दाराबाहेर एलेरी सज्ज होती. टेबलावर सँडविचचे टोस्टर, त्यांच्या कडांतून ओघळणारं चीज, आणि तिच्या हातात एक पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यानं ती वास आत ढकलत होती, थेट शेवटच्या रांगेपर्यंत. वासानं प्रचार करू नये असं नियमांत कुठे लिहिलंय?

ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाचा हा वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा. रोज दुपारी व्याख्यान, आज वादविवाद, रविवारी चॅपेलमध्ये समारोपाची उपासना. आणि जिथे तिथे फुकट सँडविच. पहिल्या वर्षातल्या एलेरीनं गपगुमान सँडविच भाजली असती तर काही बिघडलं नसतं. पण तिनं शंकेखोर मंडळाच्या फर्गसशी पैज लावली. ठराव जिंकला तर फर्गसनं रविवारच्या उपासनेला यायचं. हरला तर एलेरीनं चॅपेलच्या दारात शंकेखोरांचा फलक धरून उभं राहायचं. फलकावर हातभर अक्षरं होती: ‘देव? छे!’

आणि रविवारी प्रवचनाला येणार होते कोण? डोंगरापलीकडच्या वेल्श गावचे पाळक, म्हणजे एलेरीचे सख्खे आजोबा! आजोबा बायबल घेऊन पायऱ्या चढतायत आणि दारात नात तो फलक घेऊन उभी. नुसत्या विचारानं ती आणखी जोरात वारा घालू लागली.

जन्मात चर्चची पायरी न चढलेला रग्बीचा अख्खा संघ उजव्या दारानं बाहेर आला.

“एलेरी, माझा विश्वास डबल चीजवाला!”

“माझ्या विश्वासात कांदा नको हं!”

एलेरी खूश. पण डाव्या दारालाही ही गर्दी! लोक चक्क पळत होते. काय आहे काय तिकडे?

“दोन्ही बाजू बरोबरीत!” सभापती ओरडली. “आत कुणी उरलंय का?”

उरलं होतं. शेवटच्या रांगेत ओला कोट पांघरून एक म्हातारा गाढ झोपला होता.

“आजोबा!” दारातून आत डोकावलेली एलेरी किंचाळली. “तुम्ही शनिवारी येणार होतात ना?”

आजोबांनी एक डोळा उघडला. “तुला बघावंसं वाटलं, म्हणून आधीच आलो. ती मुलं इतकं छान बोलत होती, कधी डोळा लागला कळलंच नाही. संपलं का गं?”

“आजोबा, तुम्ही फक्त...”

“प्रचार बंद!” सभापतीनं दटावलं. “महाशय, तुम्ही फक्त बाहेर पडा.”

फर्गसचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटचं मत, आणि तेही पाळकाचं! “हा शुद्ध अन्याय आहे,” तो पुटपुटला.

“रडू नकोस रे,” एलेरी म्हणाली. “रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ये.”

आजोबा उठले. नातीकडे बघून गोड हसले. चीजचा वास छातीभर घेतला. आणि तरातरा डाव्या दारानं बाहेर गेले.

फर्गस खुर्चीवर चढून नाचला.

रुमालाला हात पुसत आजोबा परत आले. “काय झालं? म्हाताऱ्या माणसानं बाथरूमला जाऊ नये की काय?”

मग सगळ्यांनी एकदम बोलून त्यांना सगळं सांगितलं. ठराव, दारं, पैज, फलक.

“पाळकसाहेब,” सभापती म्हणाली, “चुकून झालं असेल तर तुमचं मत बदलून घेऊ.”

एलेरीनं डोळ्यांनीच हात जोडले.

“बदला की,” आजोबा म्हणाले. “पण मग सगळ्यांचीच बदलावी लागतील. ही मंडळी चीजसाठी इकडून आली. आणि तिकडे बाथरूमच्या शेजारी बारवर पाटी लावलीय, वादविवादाला आलेल्यांना अर्ध्या किमतीत बिअर. ती कुणाची आयडिया?”

फर्गस हळूच खुर्चीवरून उतरला.

“चोरा!” एलेरी ओरडली.

“आणि तू कोण गं, पुठ्ठेवाली?” फर्गस उलटून म्हणाला.

“थोडक्यात काय,” आजोबा म्हणाले, “देवाबद्दल आज इथे कुणी मतच दिलेलं नाही. मी धरून.”

“मग पैज रद्द?” एलेरीनं आशेनं विचारलं.

“रद्द कशी होईल? शब्द दिलास ना? रविवारी फलक तूच धरायचा, पोरी.”

एलेरीचे डोळे भरून आले. फर्गसनं खिशात हात घालून शीळ सुरू केली.

“फक्त दारात नको,” आजोबा म्हणाले. “समुद्रावरनं काय वारा सुटतो, फलक उडायचा. तू आत ये, व्यासपीठावर, माझ्या शेजारी. मी बोलेन, तू धरून उभी राहा. लोकांना दोन्ही बाजू कळू देत.”

फर्गसची शीळ अर्ध्यातच थांबली. “अहो, पण आत धरला तर... तर मला तो बघायला आत यावं लागेल!”

“अरेच्चा, खरंच की.” आजोबांनी टेबलावरचं सगळ्यात मोठं सँडविच उचललं. “मग लवकर ये हो बाळा. आमच्याकडे मागच्या जागा आधी भरतात.”