गालावरचा डाग

नाशिकच्या प्रदर्शनासाठी अमोल डार्करूममध्ये बायकोच्या फोटोच्या गडद काळ्या छटांच्या लिथ प्रिंट काढत होता, पण प्रत्येक प्रिंटवर तिच्या डाव्या गालावर काळा डाग उमटत होता.

"डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाहीये. ट्रे नीट हलव, उज्वला. एवढंही जमत नाही का तुला?"

ती ट्रे हलवत राहिली. त्याने ट्रेमधलं डेव्हलपरचं रसायन बदललं, कागद बदलला; डाग काही हटेना.

शेवटी लाल दिवा घालवून त्याने पांढरा लावला आणि प्रिंट तिच्या चेहऱ्याशेजारी धरली. गालावरचा त्याच्या बोटांचा वळ अजून गेला नव्हता.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले आणि तिचे डोळे भरून आले.



"यापुढे आधी फोटो काढून घेत जाईन."