सोनेरी ठोकळे

आई म्हणाली होती, बाबांना त्या समारंभाला नेऊ नकोस, परत आणणं जड जाईल. लेकीने ते हसण्यावारी नेलं. कॉलेजची शंभरी, आणि तिथेच शिकून जन्मभर तिथेच शिकवणारे बाबा घरी बसणार?

त्या इंजिनिअरिंग कॉलेजची एक रीत होती. स्थापत्य विभागाची प्रत्येक बॅच जाताना मुठीएवढा सिमेंटचा ठोकळा ओतायची, त्यावर वर्ष कोरायची आणि प्रयोगशाळेच्या हौदात सोडायची. पन्नास वर्षांनी तो दाबयंत्राखाली फोडायचा. ताकद किती भरली ते बघायला. यंदा बाबांच्या बॅचची पाळी होती. निवृत्त झाल्यावरही हौदात पाणी आहे ना, हे ते जाऊन बघून येत.

आज हौद कोरडा होता. आत कुंड्या मांडल्या होत्या. यंत्राभोवती दोरी होती आणि वरून दिवा सोडला होता. दाराशी दोन मुली प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक डबी ठेवत होत्या. डबीत ठोकळा, सोनेरी रंगवलेला. कोरलेलं वर्ष रंगाने बुजलं होतं.

प्राचार्य बाबांचेच विद्यार्थी. पुढच्या वर्षी विभाग बंद होतोय, मुलंच येत नाहीत, मग म्हटलं आठवण तरी घरोघरी जाईल, असं ते म्हणाले. पेपरवेट म्हणून झकास आहेत, सर.

बाबांनी आपला ठोकळा नखाने खरवडला. वर्ष भलतंच निघालं.

"आमची बॅच कुणाच्या खिशात गेली रे?"

प्राचार्य हसले. बाबाही हसले. मग ते एकेका टेबलाशी जाऊन, माफ करा म्हणत, लोकांचे ठोकळे खरवडू लागले. आधी लोकांनी कौतुकाने फोटो काढले. नंतर डब्या पिशव्यांत गेल्या.

लेकीच्या कडेवरचं बाळ रडून रडून लाल झालं होतं.

"बाबा, चला ना आता."

"तू हो पुढे, त्याला भूक लागलीय. यांना कुणी सांगितलेलंच नाही गं, हे पाण्यात ठेवायचे असतात."

ती पुढे झाली. आता दिवेलागण झाली आहे, बाळाच्या अंगात कणकण आहे आणि बाबांचा फोन घरातच वाजतो आहे. वॉचमन म्हणतो, हॉलला कुलूप लावलं, पण ते फाटकाबाहेर गाड्या थांबवतायत.

तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर जरा बघा. ओळखायला सोपे आहेत. नखांत सोनेरी रंग असेल.