अ‍ॅटर्नी रोवेनाची जुनी मालकीण

पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, तेव्हा सुचित्राला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मागे चारपाचशे फिलिपिनो बायका, रविवारच्या सुट्टीत ठेवणीतले कपडे घालून आलेल्या. बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या घरच्या हेल्पर. आणि त्यांच्यापुढे ही एकटी मालकीण, मांडीवर कायद्याचं नवंकोरं जाडजूड पुस्तक घेऊन.

सिंगापुरात परदेशी पुढाऱ्याला प्रचारसभा घेता येत नाही, म्हणून कार्यक्रमाचं नाव सत्कार. सत्कार अ‍ॅटर्नी रोवेना माग्पांताय यांचा. बाईंनी म्हणे तरुणपणी इथे एका भारतीय घरात भांडी घासली, मायदेशी फिलिपिन्सला जाऊन वकिली केली, परदेशात राबणाऱ्या बायकांचे खटले फुकट लढवले. त्या पुण्याईवर आधी गावच्या महापौर झाल्या, मग दोनदा खासदार. आता, २०१९ साली, थेट सिनेटला उभ्या होत्या.

महिन्यापूर्वी सुचित्रानं त्यांची मुलाखत फोनवर पाहिली आणि हातातला चहा निवून गेला. सिंगापुरातली आंग मो किओ वस्ती, भारतीय कुटुंब, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरूण, रविवारीसुद्धा सुट्टी नाही. मुलाखत घेणाऱ्यानं खोचकपणे विचारलं होतं, विरोधक पुरावा मागतात, मग त्या मालकांचं नाव एकदा सांगून का टाकत नाही?

रोवेनाबाई हसल्या होत्या. "त्यांनाही लेकरंबाळं आहेत. त्यांची अब्रू मी का घालवू?"

ते वाक्य सुचित्राच्या काळजात काट्यासारखं रुतलं. वीस वर्षांपूर्वी आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये तिच्याकडेही एक फिलिपिनो मुलगी होती. खरं नाव देव जाणे. सासूबाईंच्या जिभेला ते वळेना, तेव्हा त्यांनी नव्या सुनेचं बदलतात तसं तिचंही नाव बदललं. जयश्री. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहायचं तेवढं राहिलं. मग घरादारानं तिला जयश्रीच केली.

जयश्री पोळ्या शिकली, सुचित्राच्या तान्ह्या अवनीला सांभाळू लागली. खोड एकच. ओट्याशी उभ्या उभ्या एक जाड पुस्तक वाचायची. एका सकाळी त्या नादात दूध उतू गेलं. सुचित्रानं तिच्या हातातून पुस्तक ओढलं, भिंतीतल्या कचऱ्याच्या शूटचं झाकण उघडलं आणि आत ढकलून दिलं. अकरा मजले ते धडधडत खाली गेलेलं ऐकू आलं.

जयश्री रडली नाही. तिनं ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी सुचित्रानं तिला एजंटकडे परत धाडलं, कारण तिच्यासमोर उभं राहवेना. एजंटनं तिची मायदेशी रवानगी केली. शेजारी विचारत, तेव्हा सुचित्रा सांगे, मुलगी आळशी होती.

ही हकीकत तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. मुलाखतीनंतर मात्र राहवलं नाही. प्रबोधनं सगळं ऐकून घेतलं, कपाटं उपसली. पण जयश्रीचे कागद या नव्या काँडोत राहायला येतानाच फाडून टाकले होते.

"ते पुस्तक बायबलही असू शकेल," तो म्हणाला. "ही तीच कशावरून?"

"तीच. मला आतून कळतंय."

"चेहरा आठवतो का तुला तिचा?"

आठवत होती ती ओट्याशी वाकलेली पाठ आणि मानेवरचा अंबाडा. सव्वा वर्ष एका छपराखाली राहून चेहरा म्हणून आठवेना. त्या दुसऱ्या लाजेनं पहिली आणखीच पेटली. बाईंचा सिंगापुरात सत्कार होणार असं कळलं, तेव्हा अवनी म्हणाली, आई, डोन्ट गो लाह, सगळ्या हॉलसमोर काय शोभा? पण सुचित्राचं ठरलं होतं. पुस्तक तिनं टाकलं होतं, तर नवं घेऊनही तिनंच जायला हवं होतं.

तिनं भीत भीत बाईंच्या कचेरीला ईमेल केला. घर आंग मो किओचं, जुनी मालकीण, चूक झाली, माफी मागायची आहे, एवढंच लिहिलं. वाटलं होतं, कोण विचारतंय. तासाभरात उत्तर आलं. जरूर या, पुढची खुर्ची राखून ठेवली आहे. एवढं मोठं मन बघून सुचित्रा तो दिवसभर रडली.

तिचं नाव पुकारलं गेलं. पुस्तक छातीशी धरून ती मंचाच्या पायऱ्या चढली. तिनं काहीच लपवलं नाही. उतू गेलेलं दूध सांगितलं, शूट सांगितला, आळशी म्हटलं होतं तेही सांगितलं. मागे कुणीतरी हुंदका दिला. सुचित्राला वाटलं, आता या बायका चपला काढणार. काढल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

रोवेनाबाई उठल्या. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माइकवर त्या म्हणाल्या, "या घराला मी केव्हाच क्षमा केली आहे."

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात, कॅमेरे लखलखले. बाईंनी सुचित्राला मिठीत घेतलं आणि वीस वर्षांची धोंड तिच्या छातीवरून उतरली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी रडू लागली.

रोवेनाबाईंनी माइकवर पंजा ठेवला. चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता तोंड तिच्या कानाशी नेलं.

"बाहेर पत्रकार थांबलेत," त्या पुटपुटल्या. "त्याआधी मला एवढं सांगून ठेवा, मी तुमच्याकडे कोणत्या साली होते?"