आयत्या वेळची बक्षिसं

कप्तानाने ट्यूब टेबलाखाली धरली, लोकांना दिसू नये अशी. पोहायची लाल ट्यूब, कडेला काळं ठिगळ.

"रिकामी तरंगत होती," तो हळूच म्हणाला. "कुणाची असेल, मावशी?"

ते ठिगळ मावशीने काल संध्याकाळी स्वतः लावलं होतं. सुट्टीला आलेल्या सात वर्षांच्या नातीला, भिंगरीला, वर दमही दिला होता, की ही हरवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

"माझी," ती म्हणाली. "म्हणजे, आमच्या भिंगरीची."

कप्तान म्हणजे जीवरक्षकांचा म्होरक्या. उन्हाळाभर पाण्यावर त्याचं लक्ष आणि वाळूवर मावशीचं, तेही माईकवरून, म्हणून ती गावाची माईकमावशी. त्याने ट्यूब टेबलाखाली आत सरकवली. मग म्हणाला, दोघं वाळूवर शोधतील, बाकीचे नऊ हाताची साखळी करून आत जातील. माईक दुसऱ्या कुणाकडे द्यायचा का?

"दुसऱ्या कुणाचं ऐकतायत ही माणसं? जा तू."

नियम तिनेच केलेला होता. मूल दिसेनासं झालं तर भोंग्यावरून नाव घ्यायचं नाही. एका सुट्टीत घेतलं होतं, तर शंभर माणसं मदतीला पाण्यात धावली आणि तळाची वाळू अशी ढवळली, की हातभर अंतरावरचं दिसेना. तेव्हापासून आधी पाणी रिकामं करायचं. तेही हसत हसत.

तिने माईकवर टिचकी मारली. "मंडळी, बक्षीस समारंभ पाचला नाही, आत्ताच. हजर नसेल त्याचं बक्षीस शेजाऱ्याला."

पाच मिनिटांत पाण्यात चिटपाखरू उरलं नाही. सगळे ओलेते येऊन मंचासमोर बसले, आणि समुद्राकडे पाठ करून बसले, हे बरं झालं. पुढच्याच रांगेत तिची लेक, खांद्यावर टॉवेल. लेकीला वाटत होतं पोरगी आजीजवळ आहे. आजीला मघापर्यंत वाटत होतं आईजवळ आहे.

वाळूच्या किल्ल्यांची तीन बक्षिसं. पोत्यात पाय घालून पळण्याची तीन. रस्सीखेचीचं एक. जेवणाचा डबा, टॉवेल, पाण्याची बाटली. मावशी एकेक नाव चघळून चघळून वाचत होती. लोकांच्या डोक्यांवरून तिला साखळी दिसत होती. गुडघाभर पाण्यात. मग मांडीभर. माणसं पायाने तळ चाचपत सरकत होती.

बक्षिसं संपली. साखळी कमरेपर्यंतच पोचली होती.

तिने सूचनांचा कागद उचलला. वाचनालयाची जुनी पुस्तकं शनिवारी विकायला काढणार आहेत. होडीची फेरी उद्या अर्धा तास उशिरा सुटेल. टपाल कचेरीजवळ एक मांजर सापडलंय, ज्याचं असेल त्याने लवकर न्यावं, फार खातं. लोक हसले. तिने कागद टेबलावर ठेवून वर कोपर दाबलं.

निळ्या चड्डीतला एक गृहस्थ उठून पाण्याकडे निघाला.

"ओ, निळी चड्डी! परत फिरा. तुम्हालाही आहे."

"मला? कशाबद्दल?"

"चार दिवस पोट आत न ओढता हिंडल्याबद्दल. मोठं धैर्य लागतं."

हशा पिकला. मावशीने हरवलेल्या वस्तूंच्या टोपलीत हात घातला आणि त्याला एका दांडीचा गॉगल दिला. मग सगळ्यात मळक्या टोपीला बक्षीस. मग स्वतःचा टॉवेल स्वतः शोधणाऱ्या नवऱ्याला, आणि असा एकच निघाला. कुणी आपलीच हरवलेली चप्पल जिंकून गेलं. साखळी छातीभर पाण्यात होती.

लेकीने भुवया उंचावून विचारलं, कुठे आहे?

मावशी हसली. तिने बोटाने खाली दाखवलं, मंचाच्या पडद्यामागे. इथेच आहे. लेकीने मान डोलावली आणि निश्चिंत होऊन केस पिळायला घेतले. आजवर मावशी लेकीशी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण असं खोटं कधी नाही.

साखळी थांबली. मधला माणूस बुडी मारून खाली गेला. टोपली रिकामी होती. मावशीने ती उलटी करून झटकली, नुसती वाळू पडली. माणसं वाट बघत होती. मधला माणूस अजून वर आला नव्हता.

कुणीतरी तिची बाही ओढली.

भिंगरी. केस कोरडे, गालावर पडद्याच्या शिवणीचा वळ. "ट्यूब वाऱ्याने गेली," ती कुजबुजली. "तू मारशील म्हणून खाली लपले होते. सगळ्यांना बक्षीस देतेस, मला?"

मावशीने तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताने माईक तोंडाशी आणला. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"शेवटचं बक्षीस. सगळ्यात जास्त वेळ एकमेकांचा हात न सोडल्याबद्दल. कप्तान, या रे बाहेर सगळे. मिळालं."

लोकांनी पहिल्यांदाच वळून समुद्राकडे बघितलं. बुडी मारलेला माणूस वर आला होता, रिकाम्या हातांनी, धापा टाकत. रांगेने परत येणाऱ्या त्या नऊ माणसांना बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवायला हात उचलले. ती याच किनाऱ्यावर वाढलेली. साखळी कशासाठी धरतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हात तसेच अर्ध्यावर राहिले. मग ती हळूहळू आईकडे वळली.

माईक चालूच होता. टाळ्या ओसरल्यावर साऱ्या किनाऱ्याला ऐकू आलं,

"आजी, सोड ना. हात दुखतोय."