मिठाचं पाणी

मुलीने आईच्या पायावरची पट्टी सोडली आणि तिचा चेहराच पडला. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची ही पट्टी तिच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती. जंतू मरून जखम भरायला हवी होती, पण चिघळली होती. "आमचंच काहीतरी चुकलंय. संशोधन थांबवावं लागेल," ती पुटपुटली. मग तिने विचारलं, "पट्टीवर मिठाचं पाणी नाही ना घातलं? नको म्हणून बजावलं होतं. त्याने चांदी निकामी होते." जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेले बाबा शेजारीच उभे होते. 'कालची पोर मला शिकवणार' म्हणत तेच रोज मिठाच्या पाण्याने पट्टी भिजवत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "मीच घातलं गं. खाज सुटली होती." "कमाल आहे तुझी! पाय गमवायचाय का?" मुलगी कडाडली. "घरात एवढे जाणते बाबा आहेत, त्यांना तरी विचारायचंस!" बाबांनी मान डोलावली.